तपासणीचा दिवस आणि मोमिनाची आशा

अरबी भाषेत खेकड्याला 'सरतान' म्हणतात. इब्ने सीना (मृत्यू १०३७) यांनी आपल्या 'अल-कानून' या वैद्यकग्रंथात ज्या रोगाचे वर्णन याच नावाने केले, त्याला आपण मराठीत कर्करोग म्हणतो, आणि 'कर्क' म्हणजेही खेकडाच. गाठीभोवती पसरलेल्या शिरा पाहून प्राचीन वैद्यांना खेकड्याच्या नांग्या आठवल्या, असे सांगितले जाते. मात्र ज्या घरात हा आजार येऊन गेला आहे, त्या घराला या नावाचा आणखी एक अर्थ ठाऊक असतो. रोग शरीराला धरतो आणि भीती मनाला धरते. शस्त्रक्रिया होते, किमोची सलाइने होतात, शेक देऊन होतो, तरी ती भीती आपली पकड सोडत नाही. पुढच्या तपासणीची तारीख आठ दिवसांवर आली की तिची नांगी पुन्हा आवळू लागते. जेवण गोड लागत नाही, झोप उडते, अंगावरची साधी पुळीही संशयाने चाचपली जाते.

प्रिय वाचक बंधू-भगिनींनो, या लेखात आपल्याला याच दिवसांचा विचार करायचा आहे. आजार उघड झाला त्या पहिल्या धक्क्याविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यानंतर महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चालणाऱ्या तपासण्यांविषयी मात्र मिंबरवरून क्वचितच काही सांगितले जाते. मीही सांगत नव्हतो. का सांगू लागलो, ते आधी सांगणे मला बंधनकारक वाटते.

माझे अपुरे उत्तर

काही वर्षांपूर्वी आमच्या जमातीतील एक गृहस्थ इशाच्या नमाजनंतर माझ्याजवळ थांबले. जालन्याच्या मोंढ्यात त्यांनी उभी हयात हमाली केली होती. सारा मोहल्ला त्यांना चाचा म्हणत असे. गुटख्याच्या सवयीने त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूस कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, शेक झाला, आणि डॉक्टरांनी दर महिन्याला दाखवून जाण्यास बजावले होते. चाचा म्हणाले, "मौलाना, मंगळवारची तारीख आहे. आता काही दुखत नाही. तारीख जवळ आली की पोटात गोळा उठतो. अल्लाहवर भरोसा ठेवून घरीच राहिलो, तर गुनाह होईल का?"

मला त्यांचा जीव हलका करायचा होता. मी म्हणालो, "चाचा, शिफा देणारा अल्लाह आहे. मनात वाईट आणू नका. सगळे ठीक होईल."

यातील पहिले वाक्य खरे होते. शेवटच्या वाक्याचे ज्ञान मला नव्हते. आणि जे वाक्य सर्वांत आवश्यक होते, "मंगळवारी अवश्य जा", ते मी उच्चारलेच नाही. चाचा गेले नाहीत. पुढच्या महिन्यातही गेले नाहीत. पाच महिन्यांनी घास गिळताना त्रास होऊ लागला, तेव्हा मुलगा त्यांना जबरदस्तीने घेऊन गेला. जिभेच्या मागे नवीन व्रण निघाला होता आणि दुसरी शस्त्रक्रिया करण्याजोगी स्थिती उरली नव्हती. वेळेवर गेले असते तर काय घडले असते, हे अल्लाहच जाणतो. पण माझ्या उत्तराचा हिशेब मला द्यायचा आहे, हे मी जाणतो.

मी माफी मागण्यासाठी त्यांच्या घरी गेलो. तोंड पुरते उघडत नव्हते, तरी सावकाश म्हणाले, "मौलाना, मला जे हवं होतं, तेच मी ऐकलं. आता एक करा. पुढच्या तारखेला सोबत चला." त्यानंतर चौदा महिने, शक्य होईल तेव्हा, मी त्यांच्यासोबत जात राहिलो. या लेखात जे पुढे येते, त्यातील निम्मे मी मदरशात शिकलो होतो आणि निम्मे रुग्णालयाच्या बाकावर.

शोध घ्या आणि निराश होऊ नका

आशा म्हणजे काय? 'काही होणार नाही' अशी स्वतःची समजूत घालणे म्हणजे आशा, असा पुष्कळांचा समज असतो. पवित्र कुरआनने आशेचे जे चित्र उभे केले आहे, ते याहून फार वेगळे आहे.

सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) यांची हकीकत येते. एक पुत्र वर्षानुवर्षे बेपत्ता, दुसराही परदेशात अडकलेला. दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले. त्यांनी आपले दुःख लपवले नाही, मात्र त्याची तक्रार अल्लाहपुढेच मांडली. मग ते आपल्या मुलांना काय सांगतात? सत्त्याऐंशीव्या आयतीत दोन आदेश एकत्र आले आहेत. जा, यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, हा पहिला. आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका, हा दुसरा.

या क्रमाकडे लक्ष द्या. हजरत याकूब (अ.) यांनी मुलांना 'निराश होऊ नका आणि घरी बसा' असे सांगितले नाही. शोध घेण्यासाठी आयतीत जो अरबी शब्द योजला आहे, त्यात बारकाईने चौकशी करणे, धांडोळा घेणे हा भाव आहे. म्हणजे चौकशी आणि आशा या दोन गोष्टी कुरआनने एकाच आयतीत, एकाच बापाच्या मुखातून सांगितल्या. जो निराश झाला, तो शोध घेत नाही, कारण त्याच्या मते शोधण्यासारखे काही उरलेले नसते. आणि जो शोध टाळतो, त्याच्या मनात आशेपेक्षा भीतीच अधिक असते, तो तिला तवक्कुलचे नाव देतो इतकेच.

हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना पुढील प्रदेशात प्लेगची साथ असल्याची बातमी आली. त्यांनी विचारविनिमय करून परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत (बुखारी). रुग्णाने हे मनावर कोरून ठेवावे. आजार तकदीरमध्ये असेल तर मंगळवारची तारीख, ती बस, तो डॉक्टर आणि ते यंत्र हेही तकदीरमध्येच आहे.

मशिदीतील तंबू

खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यासाठी मशिदीच्या आवारातच तंबू उभारविला, जेणेकरून जवळ राहून त्यांची विचारपूस करता यावी (बुखारी, मुस्लिम). इमाम बुखारी (रह.) यांच्याच 'अल-अदबुल मुफरद' या ग्रंथातील रिवायतीनुसार त्यांच्या शुश्रूषेचे काम हजरत रुफैदा (रजि.) या जखमींवर उपचार करणाऱ्या स्त्रीकडे होते. प्रेषित (स.) तेथून जात, तेव्हा संध्याकाळी विचारीत की संध्याकाळ कशी आहे, आणि सकाळी विचारीत की सकाळ कशी झाली. हजरत सअद (रजि.) आपली स्थिती सांगत.

ही नियमित तपासणीच होती. रोज, ठरल्या वेळी, तोच प्रश्न. ही हकीकत आपण येथेच थांबवता कामा नये. काही काळाने ती जखम पुन्हा वाहू लागली आणि हजरत सअद (रजि.) त्यातच अल्लाहकडे परतले. मग ती रोजची विचारपूस व्यर्थ गेली काय? मुळीच नाही. शेवट काय होणार, हे माणसाच्या हाती नाही, आणि विचारपुशीचे मोल त्या शेवटावर ठरत नाही. एका मोमिनाचे शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि त्या अमानतीची खबर ठेवणे हे तिच्यावरील कर्तव्य आहे.

तपासणी काय सांगते?

भीतीचा मोठा भाग अज्ञानातून येतो, म्हणून थोडी माहिती आवश्यक आहे. आपल्या मनात प्रत्येक तपासणी म्हणजे निकालाचा दिवस असतो. वस्तुतः बहुतेक तपासण्या निकाल देण्यासाठी नसून वाट दाखवण्यासाठी असतात.

किमोच्या प्रत्येक फेरीपूर्वी रक्त तपासतात. त्यात पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती आहेत, मूत्रपिंड आणि यकृत औषध सोसतील का, हे पाहतात. पेशी कमी भरल्या तर डॉक्टर पुढचे सलाइन आठवडाभर पुढे ढकलतात. घरी रडारड होते की आजार वाढला. तसे नसते. औषधाने रोगाच्या पेशींबरोबर चांगल्या पेशीही मारल्या गेल्या आहेत आणि शरीराला त्या भरून काढण्यास वेळ हवा आहे, इतकाच त्याचा अर्थ. याच कारणाने किमोच्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, लगेच रुग्णालय गाठावे. तेथे 'सकाळी पाहू' हा सब्र नव्हे.

पेट स्कॅनचा दिवस सांगितला असेल, तर त्यापूर्वी काही तास उपाशी राहण्यास सांगतात. कारण शिरेतून साखरेसारखा एक किंचित किरणोत्सारी पदार्थ देतात आणि जेथे पेशी साखर अधिक खातात, ती जागा चित्रात उजळते. मधुमेह असेल तर ते आधीच सांगावे. स्कॅननंतर काही तास गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांपासून अंतर राखण्यास सांगतात; त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आणि उजळलेली प्रत्येक जागा कर्करोगच असते असेही नाही; सूज वा जंतुसंसर्गही तसाच उजळतो. म्हणून कागद हाती पडताच मोबाइलवर शब्दांचे अर्थ शोधत बसू नये. तो कागद डॉक्टरांसमोर उघडावा.

उपचार संपल्यानंतर बोलावतात, त्यालाही कारण आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात आजार परतायचाच असेल, तर तो बहुतांशी पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. म्हणून आरंभी तारखा जवळ-जवळ असतात आणि पुढे त्या लांबत जातात. तारीख लांबणे ही स्वतःच एक शुभवार्ता आहे.

वेळीच पाहण्याचे मोल किती, याचा एक मोठा दाखला आपल्याच मराठवाड्यातील आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा एक अभ्यास झाला. त्यात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय सहभागी होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी झाली होती, तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. पाहिले म्हणून आजार आला, असे घडले नाही. पाहिले म्हणून जीव वाचले.

हसणे सक्तीचे नाही

आपण रुग्णाला सतत सांगतो, "हसत राहा, धीर सोडू नका." हेतू चांगला असतो, पण त्याचे ओझे होते. रुग्णाला आपली भीती लपवून आपल्यालाच धीर द्यावा लागतो.

हजरत आयशा (रजि.) एकदा डोकेदुखीने कण्हल्या, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना रागावले नाही. उलट आपलेही डोके दुखत असल्याचे बोलून दाखवले (बुखारी). पुत्र इब्राहीम यांच्या निधनसमयी त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले आणि जिभेवर मात्र अल्लाहला अप्रिय असा शब्द आला नाही. यावरून सब्राची सीमा कळते. दुखते म्हणणे, रडणे, भीती वाटते असे सांगणे हे सब्राविरुद्ध नाही. अल्लाहविषयी वाईट कल्पना करणे, उपचार सोडून देणे, मृत्यूची इच्छा करणे हे सब्राविरुद्ध आहे.

एक वृद्ध भटका अरब तापाने आजारी होता. प्रेषित (स.) त्याच्या भेटीस गेले आणि अल्लाहने इच्छिले तर हा आजार शुद्ध करणारा ठरेल, अशा अर्थाचे शब्द बोलले. तो उत्तरला की, कसले काय, हा ताप मला कबरीकडे नेणारा आहे. प्रेषित (स.) यांनी त्याच्याशी वाद घातला नाही, मग तसेच, इतकेच म्हणाले (बुखारी). धीर देणाऱ्याचे काम शुभ शब्द पुढे ठेवणे हे आहे, तो शब्द कोणाच्या घशाखाली कोंबणे हे नव्हे. मात्र त्या शुभ शब्दाला नकार देण्यात रुग्णाचे किती नुकसान आहे, हेही यातून दिसते.

उपासना आणि तपासणीचा दिवस

जालन्याहून पहाटे निघून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाणारी अनेक कुटुंबे आहेत. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाणारीही आहेत. या धावपळीत नमाज चुकते आणि चुकली म्हणून मन अधिक खचते. शरीयतने येथे दार उघडे ठेवले आहे. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांना प्रेषित (स.) यांनी उभे राहणे शक्य नसेल तर बसून आणि तेही शक्य नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करण्यास सांगितले (बुखारी). पाण्याने अपाय होणार असेल तर तयम्मुम आहे. रमजानमध्ये आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची सवलत स्वतः कुरआनने दिली आहे (२:१८५). किमो चालू असताना डॉक्टर नको म्हणत असताही रोजा धरणे म्हणजे अल्लाहने दिलेली सवलत परत करणे होय. बरे झाल्यावर कजा करावा. बरे होण्याची शक्यताच नसेल तर फिदिया आहे.

आणि ज्यांना नफल, तिलावत, जमात सुटल्याचे दुःख आहे, त्यांच्यासाठी ही हदीस पुरेशी आहे की, माणूस आजारी पडतो किंवा प्रवासात असतो, तेव्हा निरोगी असताना घरी राहून तो जे सत्कर्म करीत असे, त्याचे पुण्य त्याच्या नावे लिहिले जाते (बुखारी). तपासणीसाठी निघालेला रुग्ण तर आजारीही आहे आणि प्रवासातही.

घरच्यांनी आणि जमातीने काय करावे?

पहिली गोष्ट, रुग्णाला एकटे पाठवू नका. सोबत जाणाऱ्याने फाइल नीट लावावी, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सांगितलेले औषध लिहून आणावे. भेदरलेल्या मनाला ऐकलेले निम्मेही आठवत नाही.

दुसरी, भेटीला जाल तेव्हा 'कितवी स्टेज?' असे विचारू नका आणि याच आजाराने गेलेल्या आपल्या नातेवाइकाची कहाणी सांगू नका. थोडा वेळ बसा, दुआ करा, एखादे काम अंगावर घ्या आणि उठा.

तिसरी, रुग्णाला अंधारात ठेवून घरातल्या घरात कुजबुज करू नका. तो चेहरे वाचतो. त्याला जेवढे जाणून घ्यायचे आहे, तेवढे सौम्यपणे, पण खरे सांगा.

चौथी, पैशाअभावी तारीख चुकू देऊ नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. रेल्वेत डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर रुग्णाला आणि एका सोबत्याला सवलत मिळते. आणि प्रत्येक मशिदीत दोन-चार तरुण तरी असे असावेत, जे आळीपाळीने रुग्णांसोबत जातील. हदीसे कुदसीनुसार कियामतच्या दिवशी अल्लाह आपल्या दासाला विचारील की मी आजारी होतो, तू माझ्या भेटीस का आला नाहीस, आणि त्या आजारी दासाजवळ तुला मी सापडलो असतो, असे सांगेल (मुस्लिम). ज्याला अल्लाहचे सान्निध्य हवे आहे, त्याला रुग्णालयाचा रस्ता दाखवून दिलेला आहे.

परतीचा खाऊ

चाचांची एक सवय सांगून थांबतो. परतताना ते बसस्थानकाबाहेर थांबून आपल्या नातीसाठी खाऊ घेत. एकदा अहवाल बरा नव्हता. मुलगा गप्प होता, मीही गप्प होतो. चाचा नेहमीप्रमाणे उतरले आणि रेवड्यांची पुडी घेऊन आले. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्यांनी ओळखला असावा. म्हणाले, "मौलाना, रिपोर्ट चांगला आला तेव्हाच खाऊ नेला, तर ज्या दिवशी नेणार नाही त्या दिवशी पोरीला कळेल. मी रिपोर्टसाठी खाऊ नेत नाही. अल्लाहनं आज परत आणलं, त्याचा शुक्र म्हणून नेतो."

अहवालावर बांधलेला आनंद अहवालाबरोबर कोसळतो. त्या दिवशी मिळालेल्या जीवनाबद्दलचा शुक्र मात्र कोणत्याही कागदावर अवलंबून नसतो. चाचा आज आपल्यात नाहीत. त्या चौदा महिन्यांत त्यांनी एकही तारीख चुकवली नाही आणि एकदाही ते रिकाम्या हाताने घरी गेले नाहीत.

म्हणून, ज्या भगिनीची किंवा बांधवाची तारीख या आठवड्यात आहे, त्यांना माझे उत्तर आता पूर्ण देतो. शिफा देणारा अल्लाहच आहे. काय निघेल ते मला ठाऊक नाही. भीती वाटत असेल तर ती अल्लाहला सांगा, घरच्यांनाही सांगा. आणि ठरल्या दिवशी अवश्य जा.

हे अल्लाह, जे आजारी आहेत त्यांना पूर्ण शिफा दे, जे त्यांची सेवा करतात त्यांना बळ दे, आणि जे तुझ्याकडे परतले त्यांच्यावर दया कर. आमीन.